रोग्याची साक्ष

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर वैद्यकातला विषय घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. कोणते औषध घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही व तसा आमचा इरादाही नाही. परंतु गेली तीस वर्षे आमचे काम एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे. ज्याच्या अंगावर दुःख आहे त्याचे म्हणणे दप्तरात कसे नोंदवावे, आणि नोंदवल्यावर ते पुरावा म्हणून कसे मानले जावे, हा तो प्रश्न. गेल्या काही दशकांत नेमका हाच प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे उभा राहिला आणि त्याने त्याचे काही उत्तरही शोधले. ते उत्तर सोरायसिस आणि त्याच्यामागून येणारा सांध्यांचा रोग यांच्या उदाहरणाने समजावून घ्यावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम रोग काय आहे ते पाहू. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा, पाठीचा खालचा भाग अशा ठिकाणी जाड चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खवले धरतात. गोऱ्या कातडीवर हे चट्टे लाल दिसतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ते जांभळट किंवा तपकिरी दिसतात, आणि त्यामुळे रोगाचा जोर कमी लेखला जाण्याचा संभव असतो. निरोगी त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन झडून जाण्यास सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास थोड्या दिवसांत उरकतो. कारखान्यात माल तयार होत राहावा आणि उचल मात्र होऊ नये, म्हणजे जसा ढीग साचतो, तसे हे खवले साचतात. याचे मूळ कातडीच्या अस्वच्छतेत नाही. शरीराचे रक्षण करणारी जी अंतर्गत यंत्रणा आहे, ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्यात आहे. आनुवंशिकतेचा त्यात भाग आहे. जंतुसंसर्ग, मानसिक ताण, काही औषधे यांनी रोग उफाळतो. घर्षणाने किंवा जखमेने कातडी दुखावली तर तेथेही नवा चट्टा उठू शकतो, ही गोष्ट केब्नर या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकातच नोंदवली होती. हाताने काम करणाऱ्या माणसाला ती विशेष लागू पडते.

हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम वेगळे सांगतो. त्याच्या टॉवेलने, त्याच्या डब्यातला घास खाल्ल्याने, त्याच्या शेजारी मशीनवर उभे राहिल्याने तो लागत नाही. युरोपातही दीर्घकाळ या रोगाची कुष्ठरोगाशी गल्लत होत असे. व्हिएन्नाच्या हेब्रा या त्वचातज्ज्ञाने १८४१ मध्ये दोघांना निश्चितपणे वेगळे केले. आपल्याकडे मात्र गजकर्ण, इसब, नायटा आणि कुष्ठ यांच्या घोटाळ्यात हा रोगी अजूनही सापडतो. लांब बाह्यांचा सदरा, डोक्यावर सदैव टोपी, न्हाव्याकडे जाण्याची टाळाटाळ, आणि कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातले टेबल, ही त्याची खूण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने २०१४ साली सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला आणि २०१६ साली त्यावर अहवाल काढला. त्यातही रोगाइतकाच या कलंकाचा विचार करावा लागला.

आता दुसरी बाजू. हा रोग कातडीवर थांबतोच असे नाही. सोरायसिसच्या रोग्यांपैकी बऱ्याच जणांना, काही पाहण्यांप्रमाणे तिघांमागे एकापर्यंत, सांध्यांचा विशिष्ट दाह जडतो. त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. बहुतेकांत आधी कातडी आणि मग काही वर्षांनी सांधे, असा क्रम असतो. बोटाचा एखादा सांधा सुजतो. कधी सबंध बोटच पडवळासारखे सुजते. टाचेत, जेथे स्नायूची दोरी हाडाला बांधलेली असते तेथे, कळ येते. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात. सकाळी उठल्यावर अंग आखडलेले असते आणि अर्धा तास, तासभर हालचाल केल्यावर सैल होते. श्रमाने आलेले दुखणे कामाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. दाहाचे दुखणे बहुधा याच्या उलट वागते. हा भेद प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कारण घोटाळा नेमका येथे होतो. आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाची टाच दुखली, तर तो म्हणतो, उभे राहून दुखते. बाईची बोटे सुजली, तर घरची मंडळी म्हणतात, धुण्याभांड्याने सुजली. रक्त तपासले तर संधिवाताचा जो नेहमीचा घटक पाहतात तो या रोगात बहुधा सापडत नाही, दाहाचे आकडेही पुष्कळदा साफ असतात. आणि सुरुवातीला क्ष-किरणांच्या चित्रातही काही दिसत नाही. कागद निर्दोष आणि माणूस लंगडतो आहे, अशी स्थिती होते. त्वचेच्या डॉक्टरला टाच दाखवावी हे रोग्याला सुचत नाही, हाडांच्या डॉक्टरला कोपरावरचा चट्टा दाखवावा हेही सुचत नाही. मध्ये वर्षे जातात. आयर्लंडमधील डब्लिनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, दुखणे सुरू झाल्यापासून सांधेतज्ज्ञापर्यंत पोचण्यास सहा महिन्यांचा विलंब झाला, तरी पुढे हाडांची झीज आणि कायमचे अपंगत्व यांचा संभव वाढतो. झिजलेले हाड औषधाने परत येत नाही. हातावर पोट असणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे या सभागृहात फोड करून सांगण्याची गरज नाही.

रोगाचा जोर मोजावा कसा? डॉक्टरांनी प्रथम, स्वाभाविकपणे, बाहेरून मोजला. १९७८ साली फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन यांनी एक पद्धत घालून दिली. तिला पासी म्हणतात. शरीराचे डोके, हात, धड आणि पाय असे चार भाग करावयाचे. प्रत्येकात लाली, जाडी आणि खवले यांना शून्य ते चार गुण द्यावयाचे. किती जागा व्यापली याला शून्य ते सहा गुण द्यावयाचे. आणि डोक्याला दहा, हातांना वीस, धडाला तीस व पायांना चाळीस टक्के वजन देऊन बेरीज करावयाची. पुरी बेरीज ७२ होते. नव्या औषधांची परीक्षा आजही याच मापाने होते आणि ते माप टाकाऊ आहे असे कोणी म्हणू नये.

पण एक हिशेब करून पाहा. एखाद्या जोडाऱ्याच्या दोन्ही तळहातांना सोरायसिस आहे. कातडी जाड होऊन चिरली आहे, पाना धरला की रक्त येते. पासीच्या हिशेबाने त्याला ७२ पैकी पाचही गुण पडत नाहीत, कारण तळहात म्हणजे अंगाचा एक लहानसा हिस्सा. दुसऱ्या कोणाच्या पाठीवर आणि मांड्यांवर मोठमोठे चट्टे आहेत. त्याला पंधरा गुण पडतील, पण तो खुर्चीवर बसून आपले काम विनातक्रार करीत असेल. मग अधिक आजारी कोण? कातडी मोजणारे माप एक उत्तर देते, आणि महिन्याअखेरचे पगारपत्रक दुसरे.

ही उणीव भरून काढण्यासाठी वेल्समधील कार्डिफ येथे फिन्ले आणि खान या दोघांनी १९९४ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिला डीएलक्यूआय म्हणतात. त्वचारोगाने जगण्यावर काय परिणाम झाला याचा तो निर्देशांक आहे. प्रश्न फक्त दहा, तेही मागच्या एका आठवड्यापुरते. खाज, आग, वेदना किती झाली? लाज वाटली का? बाजारहाट आणि घरकामात अडथळा आला का? कपडे निवडताना त्याचा विचार करावा लागला का? चारचौघांत मिसळणे, खेळणे, कामावर जाणे किंवा शिकणे, जोडीदाराशी आणि आप्तांशी असलेले संबंध, शरीरसंबंध, आणि शेवटी खुद्द उपचाराचाच किती त्रास झाला, असा क्रम आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज तीस. एकपर्यंत परिणाम नाही, दोन ते पाच थोडा, सहा ते दहा मध्यम, अकरा ते वीस फार मोठा, एकवीसच्या पुढे अत्यंत मोठा, असा अर्थ लावतात. बेरजेत चार गुणांचा फरक पडला तर रोग्याच्या दृष्टीने खरा फरक पडला असे मानतात. ही प्रश्नावली आज शंभराहून अधिक भाषांत गेली आहे.

त्यातील सातवा प्रश्न आम्हाला विशेष बोलका वाटतो. त्वचेमुळे काम किंवा शिक्षण बंद पडले का, याला ‘होय’ म्हटले तर एकदम तीन गुण. ‘नाही’ म्हटले तर पुढे विचारतात, मग कामात त्रास किती झाला? म्हणजे जो खाडा करतो तो मोजला जातोच, पण जो खाडा न करता दात-ओठ खाऊन पाळी पुरी करतो तोही मोजला जातो. हजेरीपटाला हा दुसरा माणूस कधीच दिसत नाही.

या प्रश्नावलीला पुढे व्यवहारात वजन आले. फिन्ले यांनीच दहाचा नियम सुचवला : अंगाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग व्यापला असेल, किंवा पासी दहाहून अधिक असेल, किंवा या प्रश्नावलीची बेरीज दहाहून अधिक असेल, तर रोग तीव्र समजावा. यातील ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कातडी काहीही म्हणो, केवळ रोग्याच्या सांगण्यावरूनही रोग तीव्र ठरू शकतो. इंग्लंडमध्ये महागडी जैविक औषधे सरकारी आरोग्यसेवेतून मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे पासी आणि ही बेरीज अशा दोन्हींची अट घातलेली आहे. तेथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आला. खर्चाची बाब आली की शब्द असे बदलतात, हा आमचा वाटाघाटींतला नेहमीचा अनुभव आहे.

सांध्यांसाठी वेगळी प्रश्नावली आहे. २००९ साली इंग्लंडातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या या प्रश्नावलीला पेस्ट म्हणतात. तिच्यात पाचच प्रश्न आहेत, आणि ते वहीत उतरवून घेण्यासारखे आहेत. कधी सांधा सुजला होता का? संधिवात आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले होते का? हातापायाच्या नखांवर खळगे किंवा भोके आहेत का? टाच दुखली आहे का? एखादे बोट, हाताचे वा पायाचे, काही उघड कारण नसता सबंध सुजून दुखले आहे का? तीन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ असतील तर सांधेतज्ज्ञाकडे पाठवावे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ सालच्या मार्गदर्शिकेत सोरायसिसच्या रोग्याची अशी चौकशी दरवर्षी करावी असे सांगितले. तथापि हे चाळणीचे काम आहे, निदानाचे नव्हे. रोग नसलेला माणूसही त्यात अडकतो. उलट, पाठीच्या कण्याविषयी त्यात प्रश्नच नाही, त्यामुळे ज्याचा दाह कण्यात आहे तो चाळणीतून निसटू शकतो. म्हणून पहाटे पाठ आखडून जाग येत असेल, तर पाचही उत्तरे ‘नाही’ असली तरी ते डॉक्टरांना सांगावे.

आतापर्यंतच्या प्रश्नावल्यांत विचारणारे मुख्यतः डॉक्टर होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेली पीसेड ही प्रश्नावली त्यांच्या एक पाऊल पुढे गेली. संधिवाताच्या युरोपीय संघटनेने हे काम हाती घेतले तेव्हा प्रथम बारा देशांतील बारा रोग्यांना बरोबर घेतले आणि त्यांनाच विचारले की, या रोगाने तुमच्या जगण्यात काय काय बिघडते. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींना इतर रोग्यांनी महत्त्वाचा क्रम लावला. त्यातून बारा प्रश्नांचा कागद तयार झाला : वेदना, थकवा, कातडी, काम आणि विरंगुळा, हालचालीची क्षमता, अस्वस्थता, झोप, रोगाशी जुळवून घेणे, भविष्याची चिंता, लाज, लोकांत मिसळणे आणि उदासी. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. वेदनेचे गुण तिपटीने धरतात, थकव्यापासून झोपेपर्यंतचे सहा दुपटीने, बाकीचे एकपटीने, आणि सगळ्यांना वीसने भागतात. उत्तर चाराच्या आत आले तर रोग्याला आपली स्थिती सोसण्याजोगी वाटते असे समजतात.

येथे थकव्याचे स्थान पाहावे. डॉक्टरांच्या सांधे मोजण्याच्या तक्त्यात थकवा कोठेच नव्हता, कारण तो बोटाने दाबून पाहता येत नाही. रोग्यांना विचारले तेव्हा तो वेदनेच्या खालोखाल आला.

हे केवळ भावनेचे प्रकरण नाही. २०१० साली सांध्यांच्या या रोगासाठी ‘किमान रोगावस्था’ कशाला म्हणावे हे ठरवले गेले. सात कसोट्या आहेत, त्यांपैकी पाच उतरल्या पाहिजेत. दुखणारे सांधे, सुजलेले सांधे, स्नायूंचे दुखरे बांध आणि कातडी या चार डॉक्टर पाहतो. वेदना, एकंदर स्थिती आणि रोजची कामे करण्याची क्षमता या तीन रोगी स्वतः कागदावर सांगतो. म्हणजे रोग्याचा कागद बाजूला ठेवला तर हिशेब पुराच होत नाही. पुढे ब्रिटनमध्ये २०६ रोग्यांवर एक परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्यांना दर चार आठवड्यांनी तपासून, ही अवस्था गाठेपर्यंत औषध वाढवीत नेले. उरलेल्यांची तपासणी बारा आठवड्यांनी, नेहमीच्या रीतीने झाली. ४८ आठवड्यांनंतर ठरावीक सुधारणा पहिल्या गटात १०० पैकी ६२ जणांत, तर दुसऱ्यात ४४ जणांत दिसली. अधिक औषधाबरोबर पहिल्या गटात गंभीर दुष्परिणामही अधिक झाले, हे येथे सांगितलेच पाहिजे. तात्पर्य असे की, मोजून त्याप्रमाणे पाऊल उचलले तर फळ मिळते. नुसते मोजून फाईल करण्याने काही साधत नाही.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. प्रश्नावली हे कामगार चळवळीचे जुने हत्यार आहे. कार्ल मार्क्सने १८८० साली एका फ्रेंच नियतकालिकासाठी कामगारांच्या स्थितीविषयी शंभराच्या घरात प्रश्न तयार केले होते. उत्तरे मात्र फार थोडी आली. १९६० नंतर इटलीत ट्यूरीनच्या मोटार कामगारांनी इवार ऑदोने या वैद्याच्या साहाय्याने कारखान्यातील धूळ, गोंगाट, श्रम यांची चौकशी स्वतःच केली. आपल्या प्रकृतीचा निवाडा परस्पर दुसऱ्यावर सोपवावयाचा नाही, हे त्यांचे तत्त्व होते. या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच. प्रश्न किती चांगले आहेत यावर सारे अवलंबून नसते. कोण विचारतो, कोठे विचारतो आणि उत्तराचे पुढे काय होते, यावर ते अवलंबून असते.

मुकादम शेजारी उभा असताना भरलेल्या अर्जात कोणालाच काही त्रास नसतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. दवाखान्यातही तेच घडते. रांगेतील पन्नास माणसांसमोर मोठ्याने ‘खाज आहे का, लाज वाटते का’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. आईचा कागद मुलगा भरतो आहे आणि नववा प्रश्न पतिपत्नीच्या संबंधाचा आहे. तेथे खरे उत्तर कसे मिळावे? वाचता न येणाऱ्यासाठी परकी पण विश्वासू व्यक्ती, आडोसा आणि थोडा वेळ लागतो.

दुसरा दोष कागदातच आहे. डीएलक्यूआयमध्ये ‘मला लागू नाही’ असे उत्तर देता येते आणि त्याला शून्य गुण आहेत. ज्याला खेळाची आवडच नाही त्याला ते ठीक. पण लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी ज्याने दहा वर्षांपूर्वी कबड्डी सोडली, तोही ‘लागू नाही’ असेच लिहितो. पोहणे सोडले, लग्नकार्यांना जाणे सोडले, लग्नाचा विचारच सोडला, तिथेही शून्य. ज्याने सर्वांत अधिक गमावले त्याची बेरीज कमी भरते. माणूस दुःखाला सरावतो, आणि कागदाला तो सराव आराम वाटतो. म्हणून डॉक्टरांनी नुसती बेरीज न पाहता प्रत्येक ओळ वाचावी, आणि ‘लागू नाही’ या खुणेवर थांबून ‘पूर्वी होते का?’ एवढे विचारावे.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. हा कागद रोगी आणि वैद्य यांच्यातला आहे. तो मालकाच्या कचेरीत गेला तर ‘कामात त्रास होतो’ ही ओळ उपचाराची न राहता कपातीची सबब होईल. असे एकदा घडले की त्या खात्यातला एकही माणूस पुन्हा खरे लिहिणार नाही.

मग आपण काय करावे? ज्याला सोरायसिस आहे त्याने एक साधी वही ठेवावी. महिन्यातून एक ठरलेला दिवस धरावा, पगाराचा दिवस धरला तर विसर पडत नाही. वेदना, थकवा, खाज, झोप आणि काम या पाचांना शून्य ते दहा गुण द्यावेत. सकाळी अंग किती वेळ आखडते ते लिहावे. सुजलेल्या बोटाचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण तपासणीच्या दिवशी सूज उतरलेली असते आणि मग म्हणण्याला आधार राहत नाही. वर्षातून एकदा ते पाच प्रश्न स्वतःला विचारावेत. औषध आपल्या मनाने वाढवू किंवा थांबवू नये. विशेषतः आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेतल्याने प्राणावर बेतू शकते. ज्यांना रोग नाही त्यांनी शेजारच्या टेबलावर जाऊन बसावे. त्याला कोणतीही प्रश्नावली लागत नाही. आणि ज्यांच्या हाती दवाखाने आहेत त्यांना आमची विनंती एवढीच की, कागद भरून घ्याल तर तो रोग्यासमोर वाचा. न वाचलेला कागद रोग्याला शिकवतो की सांगून उपयोग नाही, आणि हा धडा तो लवकर विसरत नाही.

न्यायालयात ज्याला इजा झाली त्याची साक्ष प्रथम घेतात. ती उलटतपासणीने पारखतात, इतर पुराव्याशी ताडून पाहतात, पण ती घेतल्यावाचून निकाल देत नाहीत. वैद्यकाने ही रीत उशिरा का होईना स्वीकारली आहे. ती आपल्या गावातल्या दवाखान्यापर्यंत पोचावी यासाठी सांगणाऱ्यांनी सांगत राहिले पाहिजे आणि ऐकणाऱ्यांना ऐकण्याची सवय लावली पाहिजे.